पात्याला चढलेली राळ

लखनौच्या हजरतगंजमध्ये मुख्य रस्त्यानं फिरताना सुतारकाम कुठंच दिसत नाही. अवधचे नवाब अमजद अली शाह यांना लोक ‘हजरत’ म्हणत, त्यांच्यावरून या पेठेला नाव मिळालं. १८४७ साली ते गेले. त्यांची कबर असलेला सिब्तैनाबादचा इमामबाडा याच रस्त्याला लागून आहे. २०१० च्या सुमारास या पेठेचं रूप पालटलं. दर्शनी भिंती एका रंगाच्या झाल्या, पाट्या एकसारख्या झाल्या, जुन्या धाटणीचे दिव्याचे खांब आले. संध्याकाळी इथं नुसतं हिंडायला यायचं, याला लखनौकर ‘गंजिंग’ म्हणतात. पण दुकानं वरचेवर नवी होतच असतात, आणि त्यांची फडताळं नि काउंटर घडतात ते मागच्या गल्ल्यांत, अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आड. अशाच एका शटरपाशी लाकूड करपल्याचा वास आला म्हणून मी थांबलो.

दुकान चिकनच्या कपड्यांचं होणार होतं. भिंतभर उघडी फडताळं उभी राहत होती. लाकूड पाइनचं, फिकट पिवळं, गाठीगाठींचं. टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल पात्यावर एक तरुण फळी रेटत होता आणि फळी सरकत नव्हती. मोटरचा आवाज जड झाला होता. कापातून निळसर धूर निघत होता आणि कापलेल्या कडेवर भाजल्याची तपकिरी पट्टी उमटत होती. “ब्लेड गया,” असं म्हणून तो आणखी जोर लावू लागला. कोपऱ्यात मोजमाप करत बसलेले वयस्क मिस्त्री उठले. त्यांनी बटण बंद केलं, प्लग भिंतीतून ओढून काढला, पातं पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले, आणि मग एका दाताशेजारी नख घासलं. नखात करपलेल्या पाकासारखा चिकट थर आला. “धार नहीं गई है, मैल बैठा है,” एवढंच ते म्हणाले.

शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आलं. प्लास्टिकच्या घमेल्यात ते ओतलं, जरा निवू दिलं, दोन मुठी धुण्याचा सोडा विरघळवला आणि पातं आडवं बुडवलं. मग आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत घमेल्यातलं पाणीही चहाच्या रंगाचं झालं होतं. मिस्त्रींनी जुना टूथब्रश घेतला आणि एकेक दात घासायला सुरुवात केली. आधी दाताची बाजू, मग त्याच्यापुढची खोबण, मग पाठ. चाळीस दात होते. घाई केली नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून, हवेत वाळवून पातं परत चढवलं. तीच फळी, तोच तरुण, तेच पातं. फळी सरसर गेली आणि कापाची कड पांढरी निघाली.

हे बघताना मला माझी स्वतःची पाती आठवली. तीन वर्षं मी ती ठरावीक काळानं धार लावायला टाकत होतो. पातं जाळू लागलं की बोथट झालं, असं मी धरून चाललो होतो. ज्यांच्याकडे टाकत होतो त्यांनीही एकदा तरी सांगायला हवं होतं की आधी हे धुऊन बघा. धार लावणं म्हणजे दाताचं टोक घासून कमी करणं. एका पात्याला ते मोजक्या वेळाच करता येतं, पुढे दातात काही उरत नाही. माझ्या दोन चांगल्या पात्यांचं आयुष्य असं फुकट गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. लाकूड कापणारं पातं बहुतेक वेळा बोथट होण्याआधी मळतं, आणि या दोन गोष्टींची लक्षणं सारखीच असतात. हे प्रकरण त्या फरकाबद्दल आहे.

हा मळ नेमका असतो कशाचा? वखारीत विचारलं तर उत्तर एकच, ‘चीक’. पण झाडातून पाझरणाऱ्या तीन वेगळ्या वस्तूंना मराठीत तीन वेगळे शब्द आहेत, आणि ज्यानं ते पाडले त्याचं निरीक्षण पक्कं होतं. बाभळीचा येतो तो डिंक. तो पाण्यात विरघळतो, म्हणून तर तो चाटणात चालतो आणि तळून लाडवात घालता येतो. फणसाचा येतो तो चीक. पाण्यानं तो जात नाही. कोकणात फणस फोडायला बसणारी बाई आधी विळीच्या पात्याला आणि हाताला खोबरेल तेल चोळते, कारण चीक तेलाला ओळखतो, पाण्याला नाही. आणि साल, देवदार, पाइन यांची येते ती राळ. तीही पाण्यात विरघळत नाही. गरम झाली की ती पातळ होते, गार झाली की काचेसारखी कडक. सुताराच्या पात्याला सर्वांत जास्त छळते ती हीच.

राळ आपल्या घरात अनोळखी नाही. टाचांच्या भेगांना लावायचं राळेचं मलम अनेकांनी पाहिलं असेल. आयुर्वेद जिला राळ म्हणतो ती मुख्यतः सालवृक्षाची. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेलगत तराईचा जो पट्टा आहे, दुधव्याचं राष्ट्रीय उद्यान ज्यात येतं, तिथली जंगलं याच सालाची. पाइनची राळ मात्र त्याच्याही वरच्या डोंगरांतून येते. कुमाऊं आणि गढवालच्या उतारांवरचं ‘चीड’ हे पाइनच आहे. तिथले लोक त्याच्या खोडाला खाच पाडून खाली भांडं बांधतात आणि पाझरणाऱ्या द्रवाला ‘लीसा’ म्हणतात. इंग्रज सरकारला या लीशाचं मोल फार लवकर कळलं. जंगलं राखीव झाली, गावकऱ्यांचे चराईचे आणि लाकडाचे हक्क आवळले गेले, आणि १९२१ च्या उन्हाळ्यात चिडलेल्या कुमाऊंच्या लोकांनी लीसा काढायच्या चीडवनांनाच आगी लावल्या. तरी धंदा थांबला नाही. लखनौहून अडीचशे किलोमीटरांवर, बरेलीच्या कडेला क्लटरबकगंज इथं इंडियन टर्पेंटाइन अँड रोझिन कंपनी उभी राहिली. १९२४ साली ती कंपनी म्हणून नोंदली गेली आणि पुढे कित्येक दशकं चालली.

तिथं काय करत? लीसा उकळून त्याची वाफ थंड करत. जे उडून जाऊन परत द्रव होतं ते टर्पेंटाइन, तिकडच्या भाषेत तारपीन. जे तळाशी उरतं ती राळ, ज्याला तिकडे बिरोजा म्हणतात. लीशात बिरोजाचा वाटा साधारण तीन चतुर्थांश असतो. आता लक्षात घ्या, फळी कापताना पात्यावर अगदी हेच घडतं. घर्षणानं दात तापतात, लाकडातल्या राळेतलं टर्पेंटाइन उडून जातं (पाइन कापताना जो सुंदर वास येतो तो त्याचाच) आणि बिरोजा पात्याला चिकटून राहतो. वर भुसा बसतो, पुन्हा राळ, पुन्हा भुसा. काही तासांत थर तयार.

हा बिरोजा घर्षण वाढवतो. हे सिद्ध करायला प्रयोगशाळा नको. हजरतगंजहून कैसरबागेत चालत गेलं की भातखंडे संस्कृती विद्यापीठ लागतं. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली ते मॅरिस कॉलेज या नावानं सुरू केलं. सारंगी किंवा व्हायोलिन शिकणारा कुठलाही विद्यार्थी वाजवण्याआधी गजाच्या केसांवर राळेचा खडा घासतो. राळ नसेल तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाजच निघत नाही. राळ लागली की केस तारेला पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि तार बोलू लागते. वादकाला जी पकड हवी असते तीच सुताराच्या पात्याला घातक ठरते.

ती का, हे समजायला पात्याची घडण जरा जवळून बघावी लागते. आजचं बहुतेक गोल पातं म्हणजे पोलादाची पातळ तबकडी आणि तिच्या कडेला डाख देऊन बसवलेले कार्बाईडचे दात. बाजारात त्याला टीसीटी ब्लेड म्हणतात. दात तबकडीपेक्षा किंचित रुंद असतात. दहा इंची पात्याचा दात ३.२ मिलिमीटर आणि तबकडी २.२ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंना फक्त अर्धा अर्धा मिलिमीटर मोकळीक राहते. वहीच्या पाच पानांची जाडी. तेवढ्या फटीमुळे तबकडी लाकडाला न घासता फिरते. राळ साचते ती नेमकी याच फटीत, दाताच्या बाजूला आणि त्याच्यामागच्या पोलादावर. फट भरली की तबकडीच लाकडावर घासू लागते. दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगानं पोलाद चिकट थरासकट लाकडावर घासलं तर उष्णता किती होईल याची कल्पना करा.

तापलेल्या तबकडीची कड मधल्या भागापेक्षा जास्त तापते, जास्त प्रसरण पावते आणि तिला जागा पुरत नाही. भाजताना पापडाच्या कडा लाटांसारख्या वळतात, तसंच पातंही लहरतं. कड डोळ्यांना सरळ दिसते, पण काप सरळ येत नाही. मग माणूस जोर लावतो. जोर लावला की उष्णता आणखी वाढते, मोटर गरम होते, आणि कधीतरी पातं फळीला पकडून ती उलट अंगावर फेकतं. अंगावर फळी आलेले सुतार मी पाहिले आहेत. प्रत्येक वेळी कारण राळ नव्हतं, पण चिकटलेलं, गरम झालेलं पातं हे त्या अपघाताला खुलं आमंत्रण असतं.

कार्बाईडबद्दल थोडं. टंगस्टन कार्बाईडचे बारीक कण कोबाल्टच्या बंधनात धरून हा पदार्थ तयार होतो. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात क्रुप कंपनीनं तो ‘विडिया’ नावानं विकायला काढला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांतून ते नाव आलं. आपल्याकडे भिंतीला भोक पाडायच्या बिटला जुने कारागीर अजून ‘विडिया बिट’ म्हणतात ते याचमुळे. हा दात फार कठीण असतो आणि कठीण असल्यामुळेच ठिसूळही. लाकडी पाटावर पातं आपटलं तर सहसा काही होत नाही, पण पान्याच्या टोकावर दात आदळला तर कोपरा उडतो. शिवाय त्यातला कोबाल्ट लाकडातल्या आम्लांनी हळूहळू खाल्ला जातो. ओल्या, न वाळलेल्या लाकडात ही आम्लं जास्त असतात. म्हणजे मळलेलं पातं पावसाळाभर तसंच टांगून ठेवलं तर मळ नुसता बसून राहत नाही, धारेला खातही असतो. धुण्याचं हे दुसरं कारण.

आता सोडा का चालतो ते पाहू. राळ म्हणजे रसायनाच्या भाषेत मुख्यतः आम्लं, त्यांतलं प्रमुख अबिएटिक आम्ल. आम्लाला अल्कली भेटली की क्षार तयार होतो, आणि राळेच्या आम्लांचा असा क्षार म्हणजे चक्क साबण. पिवळ्या धुण्याच्या वड्यांमध्ये पूर्वी राळ मुद्दाम घालत असत, फेस चांगला यावा म्हणून. कागदाच्या कारखान्यात शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळेचाच साबण मिसळत. तेव्हा हजरतगंजच्या त्या घमेल्यात चहा पिता पिता आम्ही साबणच तयार करत होतो. राळ पाण्याला दाद देत नव्हती. सोड्यानं तिचा साबण केला आणि साबण पाण्यात गेला.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पाणी गरम हवं, कारण उष्णतेनं राळ मऊ पडू लागते आणि मऊ थरात सोडा लवकर शिरतो. पण नुसतं गरम पाणी पुरत नाही, थर मऊ होऊन पाणी निवल्यावर पुन्हा तिथंच बसतो. हाताला जेमतेम सोसवेल इतक्या गरम लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चिमूटभर साबणचुरा, एवढं एका पात्याला भरपूर होतं. वीस मिनिटं बुडवावं. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्यावं. जुनी परात उत्तम, पातं त्यात आडवं बसतं, मात्र ती परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. ॲल्युमिनियमचं भांडं टाळावं, सोडा ॲल्युमिनियमला खातो. खायच्या सोड्यानं हे काम तितकं होत नाही, तो फार सौम्य असतो. घासायला टूथब्रश किंवा पितळी तारांचा ब्रश. पोलादी तारांचा ब्रश, पॉलिश पेपर, पटाशीचं टोक यांतलं काहीही पात्याला लावू नये. तबकडीवर रंगीत लेप असेल तर तो खरवडला जातो, आणि लेप गेलेल्या जागी पुढच्या वेळी राळ आणखी लवकर बसते.

कॉस्टिक सोड्याचा मोह काहींना होतो, कारण तो दोन मिनिटांत पातं लख्ख करतो. भट्टी साफ करायच्या फवाऱ्यातही बहुधा तोच असतो. मी तो वापरत नाही आणि वापरा असं सांगणारही नाही. एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पात्याचा रंग आणि लेप उतरतो, आणि पाती बनवणारेही त्याविरुद्ध सांगतात. वीस मिनिटं वाचवायला एवढी किंमत मोजायचं काही कारण नाही.

रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर यांचा मार्ग वेगळा. ते राळेचा साबण करत नाहीत, तिला सरळ विरघळवतात. टर्पेंटाइन आणि राळ तर एकाच खोडात एकत्र होते, उष्णतेनं वेगळे झाले, पुन्हा भेटले की मिसळतात. पाइनसाठी टर्पेंटाइन छान चालतं. मुख्य दोष आगीचा. मराठीत आपण ‘टीकेची राळ उडवणे’ म्हणतो. हा वाक्प्रचार आला तो मशालीवर राळेची पूड फेकण्यावरून. सोंगात राक्षस यायच्या वेळी पूड उडवली की भपकन ज्वाळ उठायची. ज्या खोलीत पाइनचा भुसा पसरला आहे तिथं राळ आणि थिनरची वाफ एकत्र आणणं म्हणजे तीच ज्वाळ बोलावणं. काही जण तर पात्यावरची राळ गॅसच्या ज्योतीनं जाळून काढतात. यानं पोलादाचा ताण बिघडतो, दात धरून ठेवणारा डाख सैल होऊ शकतो, आणि ताशी १९० किलोमीटरनं सुटलेला एक दात माणसाला आंधळा करू शकतो. हे कुणीही करू नये.

राळ किती चिवट आणि तरी किती विरघळणारी असते, याचा एक पुरावा लखनौच्या संशोधकांनीही हाताळला आहे. गोमती ओलांडली की युनिव्हर्सिटी रोडवर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्या नावाची पुराविज्ञान संस्था आहे. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. त्या कोनशिलेतच जीवाश्म जडवलेले आहेत. गुजरातच्या सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. तिथं सापडलेल्या तृणमण्यांवर, म्हणजे अश्मीभूत राळेच्या खड्यांवर, देशोदेशींच्या संशोधकांनी काम केलं, त्यांत या संस्थेचाही सहभाग होता. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. खडे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, आत अडकलेले शेकडो किडे, आणि राळ सालवृक्षाच्याच कुळातल्या झाडांची. बाल्टिक समुद्राकाठचे तृणमणी काचेसारखे घट्ट असतात. वस्तानचे तसे नव्हते, ते द्रावकात विरघळत होते. त्यामुळे संशोधकांनी राळ विरघळवून किडे अख्खे बाहेर काढले. पाच कोटी वर्षं जुनी राळही योग्य द्रावक मिळाल्यावर हटली. पात्यावरची कालची राळ न हटायला काहीच कारण नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र पाइनपेक्षा सागाची कथा मोठी. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर जातो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं, तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. सागात पाइनसारखी राळ नसते. त्यात तेलकट द्रव्यं असतात, थोडा रबरासारखा चिवट अंश असतो, आणि सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. म्हणून सागावर पातं दोन्ही बाजूंनी मार खातं. तेलकटपणानं मळतं आणि सिलिकेनं खरोखर बोथटही होतं. सागाचा मळ सोड्यानं अर्धाच निघतो. उरलेल्याला मोकळ्या हवेत, विडी-सिगारेटपासून लांब, थिनरचा बोळा लागतो. सागाला फेविकॉल लावण्याआधी जुने सुतार जोड थिनरनं पुसून घेतात, त्यामागचं कारण हेच तेल.

बाभळीचं किंवा दुसरं टॅनिनवालं लाकूड ओलं असताना कापलं तर पातं निळं-काळं पडतं. हा मळ नाही. लोखंड आणि टॅनिन मिळून झालेला तो रंग आहे, हिरड्याची शाई करतात तोच. तो घासत बसू नये, त्यानं कापात फरक पडत नाही. प्लायवुडचं आणखी निराळं. त्यातला सरस एकदा पक्का झाला की कशातच विरघळत नाही. सुदैवानं तो राळेसारखा चिकटतही नाही, ब्रशनं उडतो. सनमायका चिकटवायचा पिवळा सरस मात्र पात्यावर शेवयांसारखा लोंबतो आणि तो थिनरनंच निघतो.

धुतल्यावरची काळजी धुण्याइतकीच मोलाची. सोडा राहिला तर पोलादाला डाग पडतात, पाणी राहिलं तर गंज चढतो. चांगलं खळबळून, पुसून, उन्हात किंवा पंख्याखाली ठेवावं. मग मेणबत्तीच्या मेणाचा हलका हात तबकडीवर फिरवून मऊ फडक्यानं चोळावं. पूर्वी सुतार हातकरवतीच्या अंगावर मेण किंवा तेलाचा बोळा फिरवत, त्यातही हाच हेतू होता. जवसाचं तेल चुकूनही लावू नये, ते स्वतःच वाळून चिकट कातडं धरतं. सिलिकॉनचा फवाराही नको. तो लाकडावर उतरतो आणि पुढे पॉलिश करताना त्या जागी डोळे पडतात. ज्यांचं काम रोज पाइनवर आहे त्यांनी दर शनिवारी पातं धुवावं, ज्यांचं कधीमधी आहे त्यांनी कापाचा आवाज बदलला की.

आणि धुतल्यावर पातं लगेच चढवू नका. खिडकीशी जा, पातं उजेडात धरा आणि हळूहळू फिरवत एकेक दाताचं टोक बघा. दातांच्या मुळाशी तडा दिसतो का, एखादा दात उडाला आहे का, हे आधी तपासा. असं काही दिसलं तर ते पातं कायमचं बाजूला ठेवा. मग धारेकडे बघा. तीक्ष्ण धारेवरून उजेड परावर्तित होत नाही, ती काळी रेघच दिसते. बोथट टोक गोल झालेलं असतं, त्यावर पांढरी चकाकणारी रेघ उमटते. ही रेघ दिसली तर पातं धारवाल्याकडे न्या. नाही दिसली तर परत मशीनवर चढवा आणि कामाला लागा.